पत्र्याची पाटी

कवडीटोल्याच्या तलावावर एकच पाटी आहे,
चार बाय तीनचा पत्रा,
आणि तिच्यावरचं प्रत्येक अक्षर माझं.
खाली उजव्या कोपऱ्यात बघा, बारीक:
झनक पेंटर, बसस्टँडमागे.

पहिल्यांदा लिहिली तेव्हा मला मिशी फुटत होती.
नौकाविहार. प्रौढ दोन रुपये, मुले एक.
'नौ' मी तीनदा पुसला.
पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर म्हणाले,
"मात्रा उडून चालल्यात रे, पाखरं आहेत का?"
त्याच आठवड्यात नागपूरहून ट्रकवर
फायबरचे चार राजहंस आले.
डुलीचंद मारबते, सात पिढ्या डोंग्यावर काढलेला,
हंसाच्या मानेला हात लावून म्हणाला,
"हा सोता पोहते का गा, का पायानं चालवा लागते?"

मग रविवार आले.
गोंदियाच्या राइसमिलवाल्यांच्या ॲम्बेसिडर,
तुमसरच्या शाळांच्या सहली,
बालाघाटहून नवी जोडपी, हळद न उतरलेली.
रहांगडालेच्या हॉटेलात भज्यांचा घाणा थांबायचा नाही.
शिंगाडे विकणारी भागरता दुपारीच
रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसायची.
इद्रिसकडे पुठ्ठ्याचं विमान होतं,
खिडकीत तोंड घालून अख्खा तालुका उडून आला.
मी दर बदलत गेलो, दोनाचे पाच, पाचाचे पंधरा.
आकड्यांवरचा रंग बोटाला लागेल इतका जाड झाला,
बाकी अक्षरं पातळ.

एका वर्षी पोळ्याच्या करीला एक हंस कलंडला.
तिघं होती.
नावं मला पाठ आहेत,
पण ती लिहायला कुणी सांगितलं नाही.
सांगितलं ते एवढंच:
पाण्यात उतरण्यास सक्त मनाई.
'सक्त' मी जरा मोठा काढला.

पुढे हायवे चार पदरी झाला आणि
आठ किलोमीटर लांबून निघून गेला.
नागपूरकडे लाटा बनवणारी मशीन बसली म्हणे,
टाक्यात समुद्र, तिकिटात जेवण.
आमच्या पाण्याला कधी लाट आलीच नव्हती,
म्हैस उठली तर तेवढीच.
रहांगडालेनं शटर ओढलं.
इद्रिसच्या पोरानं विमान
कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावलं.
बेशरम वाढली, जेट्टीपर्यंत, मग जेट्टीवर.
उपाहारगृह भाड्याने देणे आहे.
फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे पावसानं नेले.
कोणते होते, विचारायला कुणी आलं नाही.

आणि मग एका धानकापणीला
डुलीचंदचा नातू बांधीतून पळत आला,
"सारस बसले जी! जोडी!"
म्हाताऱ्याला नवल नाही.
"आंधी होतेच ना. हे हंस आले, मून ते गेले."

आता लोक पुन्हा येतात, थोडे,
पहाटे चारला, मातीच्या रंगाच्या कपड्यांत,
गळ्यात तोफेएवढे कॅमेरे.
भजी खात नाहीत. चहा बिनसाखरेचा.
रहांगडालेची सून त्यांना खोल्या देते
आणि उजाडेपर्यंत मिक्सर लावत नाही.
जे गाव गोंगाटावर जगलं
त्याला आता गप्प बसायचे पैसे मिळतात.
भागरता कुरकुरते,
"बोलू नोको म्हंतेत गा. मंग शिंगाडे का इशाऱ्यानं इकू?"

परवा साहेब आले. फ्लेक्स लावू म्हणाले,
मी म्हटलं, वारा दोन महिन्यांत फाडते.
पत्रा उतरवून अंगणात घेतला, खरवडायला बसलो.
पिवळ्याखाली लाल, लालखाली निळा,
निळ्याखाली तो 'नौ', मात्रा अजून उडालेल्या.
हात आता हलतो. तेवढी जागा मी खरवडली नाही,
चालेल, नवा रंग झाकून घेईल.

शांतता राखा, एवढंच लिहायचं आहे.
तरी खाली चार बोटं कोरी सोडली.
दर अजून ठरला नाही.
ठरेल.